पाण्याखालचे चार दिवस

जमिनीवर राहणाऱ्या मनुष्यास समुद्राची ओळख बहुधा वरूनच होते. किनाऱ्यावर उभें राहून लाटा पाहाव्या, किंवा बोटीच्या कठड्याशीं उभें राहून क्षितिजाकडे दृष्टि लावावी, एवढ्यानें समुद्र पाहिला असें आपण म्हणतों. वस्तुतः हें एखाद्या ग्रंथालयाच्या छपरावरून चालून आल्यावर 'ग्रंथ वाचले' असें म्हणण्यासारखें आहे. गेल्या पाऊणशें वर्षांत मात्र शास्त्रानें अशी सोय करून दिली आहे कीं, आमच्यासारख्या सामान्य माणसांनाही पाण्याखालीं उतरून दोन घटका तेथें सुखानें वावरतां यावें. या सोयीचा लाभ घेऊन आम्ही सहा मित्रांनीं थायलंडच्या पश्चिमेस अंदमान समुद्रांत असलेल्या सिमिलान बेटांभोंवतीं चार दिवस बोटीवर राहून बुड्या मारल्या. त्या सफरीचें नुसतें वर्णन करण्यापेक्षां पाण्याखालीं माणूस जगतो कसा, तेथें त्याला कोणते नियम पाळावे लागतात व ते कां, हें विद्यार्थिवाचकांस समजावून द्यावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

'सिमिलान' हें नांव मलय भाषेंतील नऊ या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. आणि उत्तर-दक्षिण अशीं ओळीनें मांडलेलीं मूळ बेटेंही नऊच आहेत. थायलंडच्या किनाऱ्यापासून तीं सुमारें साठ ते सत्तर किलोमीटर दूर आहेत. १९८२ सालीं तेथील सरकारनें हीं बेटें व भोंवतालचा समुद्र मिळून राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केलें. बेटें ग्रॅनाइट दगडाचीं आहेत. त्यांच्या पूर्व बाजूस पाण्याखालीं पांढऱ्या वाळूचा सौम्य उतार व त्यावर प्रवाळांचे ताटवे आढळतात. पश्चिम बाजूस घराएवढ्या शिळा एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या पडलेल्या असून त्यांच्यामधून कमानी व बोळ तयार झाले आहेत. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची आपल्याकडील शेतकरी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, त्याच वाऱ्यांनीं हा समुद्र खवळतो. म्हणून मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हें उद्यान बंद असतें. आम्ही फेब्रुवारींत गेलों, तेव्हां पाणी शांत व स्वच्छ होतें.

जेवण, झोंप, अंघोळ सर्व बोटीवरच, अशी ही व्यवस्था होती. रात्रीं आम्ही निजलों कीं बोट एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे जाई. पहांटे घंटा होई. चहाचा पेला हातांत घेऊन सर्वजण फळ्याभोंवतीं जमत. वाटाड्या त्यावर त्या जागेचा नकाशा काढून पाणी किती खोल, प्रवाह कोणत्या दिशेचा, परत केव्हां फिरावयाचें, हें समजावून सांगे. दिवसांतून अशा तीन-चार बुड्या होत, आणि प्रत्येक बुडीनंतर ठराविक विश्रांति सक्तीची असे. सुट्टीवर गेलेल्या आम्हांला पुन्हां शाळेंत बसल्यासारखें वाटूं लागलें. परंतु फळ्यावरचें एकही वाक्य निरर्थक नव्हतें, हें पहिल्याच दिवशीं कळून चुकलें.

पाण्याखालीं श्वास घेण्याच्या साधनास 'स्कूबा' म्हणतात. पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनीं हा शब्द बनला असून 'पाण्याखालीं श्वास घेण्याचें, स्वतःपुरतें पूर्ण असें उपकरण' असा त्याचा भावार्थ आहे. पूर्वीचे पाणबुडे तांब्याचें शिरस्त्राण घालून उतरत. त्यांना वरच्या बोटींतून नळीनें हवा पुरवावी लागे व नळीच्या लांबीपलीकडे त्यांना जातां येत नसे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-ईव्ह कूस्तो हा आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हा इंजिनिअर या दोघांनीं मिळून ही अडचण दूर केली. महायुद्धामुळें पेट्रोल दुर्मिळ झालें होतें. तेव्हां मोटारी वायूवर चालविण्यासाठीं गान्यां यानें एक झडप बनविली होती. तीच झडप त्यांनीं पाणबुड्यासाठीं सुधारून घेतली. तिच्या योगानें पाठीवरील सिलिंडरांतील हवा जेवढा श्वास ओढावा तेवढीच, व भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, तोंडांत येऊं लागली. या झडपेस आज 'रेग्युलेटर' म्हणतात. याखेरीज डोळ्यांवर व नाकावर बसणारा कांचेचा मास्क, पायांत बदकाच्या पायासारखे फिन्स, कमरेस शिशाच्या वजनांचा पट्टा आणि हवा भरतां-सोडतां येणारें जाकीट, एवढें साहित्य असलें कीं मनुष्य माशांच्या राज्यांत जाण्यास सिद्ध झाला.

सिलिंडरांत निव्वळ प्राणवायु असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण ती बरोबर नाहीं. त्यांत आपण नेहमीं घेतों तीच हवा दाबून भरलेली असते. निव्वळ प्राणवायु सुमारें सहा मीटरांच्या खालीं शरीरास विषासारखा बाधूं शकतो. जो वायु आपल्याला जगवितो, तोच दाबाखालीं घातक कसा होतो, हें समजण्यास दाबाचा विचार केला पाहिजे.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस आणखी एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दोन, वीस मीटरांवर तीन, तीस मीटरांवर चार. रॉबर्ट बॉईल यानें १६६२ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें, दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्में होतें. वर फुगविलेला फुगा दहा मीटर खालीं नेला तर तो अर्धा होईल, व तीस मीटरांवर चतुर्थांश. खालीं उतरतांना कानांतील हवा अशीच आकसते व पडद्यावर ताण येतो. म्हणून नाक चिमटींत धरून हलकेंच फुंकर मारून कानांत हवा सोडावी लागते. सर्दी झाली असतां ही वाट बंद होते. आमच्या एका मित्रास दुसऱ्या दिवशीं सर्दी झाली, तेव्हां त्याला दिवसभर बोटीवरच बसविण्यांत आलें. त्यानें पुष्कळ विनवण्या केल्या. परंतु वाटाड्यानें हंसून मान हलविली ती हलविलीच.

वर येतांना याच्या उलट होतें. दहा मीटरांवर छातीभर श्वास घेऊन तो कोंडून जर कोणी वर आला, तर ती हवा फुप्फुसांतच दुप्पट होऊं पाहील, आणि फुप्फुस फाटेल. म्हणून या विद्येचा पहिला नियम हा, कीं पाण्याखालीं श्वास कधींही कोंडूं नये. नदींत सूर मारणारा मुलगा श्वास कोंडून घेतो तें ठीक. कारण त्यानें घेतलेली हवा वरचीच असते, व वर आल्यावर ती पूर्वीइतकीच होते. सिलिंडरांतील हवा खालीं घेतलेली असते, हा दोहोंतील भेद आहे.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब करून पाहावा. सिलिंडरांत अकरा लिटर जागा असते, व तींत वातावरणाच्या सुमारें २०० पट दाबानें हवा भरतात. म्हणजे ती मोकळी केली तर सुमारें २,२०० लिटर होईल. त्यांतील चतुर्थांश, म्हणजे ५५० लिटर, अडीअडचणीसाठीं राखून ठेवावयाची असा दंडक आहे. उरली १,६५०. मनुष्यास मिनिटास वीस लिटर हवा लागते असें धरलें, तर पाण्यावर ती साडेब्याऐंशीं मिनिटें पुरेल. परंतु वीस मीटर खोलीवर प्रत्येक श्वासांत तिप्पट हवा जाते, म्हणून तेथें ती साडेसत्तावीस मिनिटेंच पुरेल. जो घाबरतो, हातपाय झाडतो, त्याची हवा याहूनही लवकर संपते. जो शांत असतो, सावकाश श्वास घेतो, तो अधिक वेळ राहतो. धीराला येथें अक्षरशः लिटरांनीं मोजतां येतें.

तथापि सर्वांत मोठा धोका हवा संपण्याचा नसून घाईनें वर येण्याचा आहे. हवेंत सुमारें अठ्ठ्याहत्तर टक्के नत्रवायु असतो. शरीर त्याचा उपयोग करीत नाहीं. पण दाबाखालीं तो रक्तांत व स्नायूंत विरघळत जातो. गोळीच्या सोड्याची बाटली फोडतांच काय होतें तें आठवा. दाब एकाएकीं गेला कीं विरघळलेला वायु बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर उसळतो. पाणबुडा झपाट्यानें वर आला तर त्याच्या शरीरांत हेंच घडतें. बुडबुडे सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात. मज्जारज्जूंत अडकले तर मनुष्य लुळा होतो. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पूल बांधतांना नदीच्या तळाशीं दाबलेल्या हवेंत काम करून मजूर वर येत, तेव्हां कित्येकांना हा विकार जडे. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग हा स्वतः १८७२ सालीं यानेंच अंथरुणास खिळला. पुढें त्याची पत्नी एमिली हिनें त्याच्या सूचना कामावर पोहोंचवून काम चालू ठेवलें, आणि १८८३ सालीं पूल पुरा झाला. या विकारावर उपाय जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें शोधला. त्यानें शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवर किती वेळ राहिल्यास किती सावकाश वर यावें, याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आज पाणबुड्याच्या मनगटावर घड्याळासारखें एक यंत्र असतें. तें खोली व वेळ यांची नोंद ठेवून हा हिशेब क्षणोक्षणीं करीत असतें.

त्यामुळें आमचें वर येणें हा एक विधीच असे. मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर यावयाचें नाहीं. पांच मीटर खोलीवर येऊन तीन मिनिटें थांबावयाचें. मगच पाण्याबाहेर डोकें काढावयाचें. शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानांतही बसावयाचें नाहीं, कारण उंचावर हवेचा दाब आणखी कमी होतो. चवथ्या दिवशीं दुपारीं आम्ही समुद्रास रामराम केला व विमान दुसऱ्या दिवशीं सायंकाळचें घेतलें, तें यासाठींच.

पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. ध्वनि तेथें हवेपेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो, त्यामुळें तो कोठून आला हें कानांस ओळखतां येत नाहीं. म्हणून सर्व संभाषण हातांनीं. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. अंगठा वर केला तर आपण 'उत्तम' असें समजतों. पाण्याखालीं त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. 'ठीक आहे' हें सांगण्यास अंगठा व तर्जनी यांचें कडें करावें लागतें. आनंद दाखविण्यासाठीं अंगठा वर करणारा नवशिका सगळ्या तुकडीस वर पाठवावयाचा!

आणि कोणीही एकटा उतरत नाहीं. जोडीनें उतरावयाचें, जोडीनें फिरावयाचें व जोडीनेंच वर यावयाचें. प्रत्येकाच्या सिलिंडरास एक जादा रेग्युलेटर जोडलेला असतो, तो स्वतःसाठीं नसून सोबत्यासाठीं असतो. या नियमाची खरी किंमत आम्हांला तिसऱ्या दिवशीं कळली. सूरिन बेटांच्या पूर्वेस रिशल्यू नांवाचा एक खडक भर समुद्रांत आहे; ओहोटीच्या वेळींच त्याचें टोंक कायतें पाण्याबाहेर दिसतें. व्हेल शार्क तेथें कधीं कधीं दिसतो म्हणून त्या जागेची ख्याति आहे. नांवांत 'व्हेल' असलें तरी हा देवमासा नव्हे, तर जगांतील सर्वांत मोठा मासा आहे. बारा मीटरांपर्यंत व क्वचित् त्याहूनही तो वाढतो, आणि खातो मात्र सूक्ष्म जीव व बारीकसारीक मासळी. आपल्या देशांत २००१ सालापासून त्याच्या शिकारीस कायद्यानें बंदी आहे. आमच्यांतील एका मित्राची हा मासा पाहण्याची कित्येक वर्षांची इच्छा होती. या सफरीची कल्पनाही मुळांत त्याचीच. बुडीस अर्धा तास झाला नाहीं तोंच त्याच्या जोडीदाराच्या हवेचा कांटा राखीव चतुर्थांशाकडे झुकला. जोडीदारानें खूण केली. यानें खुणेनेंच उत्तर दिलें. आणि दोघेही वर निघाले. ते गेल्यावर पांच-सात मिनिटांनीं निळ्या धुक्यांतून ती प्रचंड, ठिपकेदार आकृति आमच्या बाजूनें संथपणें निघून गेली.

बोटीवर आल्यावर ही वार्ता त्याला कशी सांगावी, हा आम्हांस प्रश्न पडला. त्यानें आमचे चेहरे पाहूनच ओळखलें. जोडीदार ओशाळून कांहीं बोलूं लागला, तेव्हां त्यानें त्याला मध्येंच थांबविलें व म्हटलें, "मासा पुढच्या वर्षींही येईल, तुला मी कोठून आणला असता?" यावर कोणींच अधिक कांहीं बोललें नाहीं. त्या दिवशीं जेवतांना वाटाड्यानें त्याच्या ताटांत माशाचा मोठा तुकडा स्वतःच्या हातानें वाढला.

आतां खालीं दिसतें काय, हें थोडक्यांत सांगतों. पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं शोषून घेतें; म्हणून थोड्याच खोलीवर तांबडें प्रवाळ काळपट दिसूं लागतें, आणि दिवा लावतांच तें एकाएकीं पेटल्यासारखें भासतें. मास्कच्या कांचेमुळें वस्तु सुमारें एक तृतीयांश मोठ्या दिसतात; म्हणून पाणबुड्यांनीं सांगितलेल्या माशाच्या लांबीवर थोडी सूट द्यावी! विषारी तंतूंच्या समुद्रफुलांत निर्भयपणें राहणारे नारिंगी विदूषकमासे, मोठ्या माशांच्या उघड्या जबड्यांत शिरून त्यांचे दांत स्वच्छ करणारे चिमुकले मासे, खडकाच्या फटींतून तोंड बाहेर काढून बसलेल्या वांबटासारख्या मोरे, असे कितीतरी प्राणी आम्हीं पाहिले. पोपटासारख्या चोंचीचा पोपटमासा प्रवाळाचे टवके काढून खातो, तेव्हां त्याचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकूं येतो. अशा बेटांवरील पांढरी वाळू बरीचशी याच माशाच्या पोटांतून गेलेला प्रवाळाचा चुरा असते. रात्रीं दिवे घेऊन उतरलों तेव्हां हाच मासा स्वतःभोंवतीं पारदर्शक चिकट कोश करून आंत निजलेला आढळला. दिवे मालवून हात हलविले, तर बोटांतून काजव्यांसारख्या ठिणग्या उडूं लागल्या. त्या प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या होत्या.

या समुद्रांत कोणत्याही यंत्रावांचून बुड्या मारणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांस मोकेन म्हणतात. ॲना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेनें २००३ सालीं असें दाखविलें कीं, मोकेन मुलांना पाण्याखालीं युरोपियन मुलांच्या दुप्पट स्पष्ट दिसतें. कारण तीं पाण्यांत डोळ्यांची बाहुली अगदीं लहान करूं शकतात. पुढें सरावानें युरोपियन मुलांनाही हें साधलें. म्हणजे ही देणगी जन्माची नसून अभ्यासाची होती. २००४ सालच्या २६ डिसेंबर रोजीं त्सुनामीची लाट आली, तेव्हां समुद्र एकाएकीं मागें हटलेला पाहून सूरिन बेटांवरील मोकेनांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथा आठवल्या व उंच जागा गांठली. त्यांचें गांव वाहून गेलें. परंतु बहुतेक सर्वांचे प्राण वाचले.

ज्या वैभवाचें वर वर्णन केलें तें सुरक्षित आहे काय? खेदानें 'नाहीं' असेंच म्हणावें लागतें. प्रवाळ ही वनस्पति नव्हे आणि दगडही नव्हे. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे. या प्राण्यांच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें सूर्यप्रकाशापासून अन्न करून आपल्या घरमालकास भाड्यादाखल देतें, व त्याला रंगही देतें. पाण्याचें तपमान नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक होऊन कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर प्राणी हें शेवाळ बाहेर टाकतात. मग प्रवाळ पांढरें फटफटीत पडतें, व उष्णता लवकर न ओसरल्यास उपासमारीनें मरतें. २०१० सालीं अंदमान समुद्रांत असेंच झालें, आणि १९११ नव्हे तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, २०११ च्या जानेवारींत थायलंड सरकारनें बुड्या मारण्याचीं कित्येक स्थळें बंद केलीं. २०२४ सालीं जगभर प्रवाळ पांढरें पडत असल्याचें शास्त्रज्ञांनीं पुन्हां जाहीर केलें. समुद्रतळाचा शंभरावा हिस्साही प्रवाळांनीं व्यापलेला नाहीं. परंतु समुद्रांतील सुमारें चतुर्थांश जातींचे जीव त्यांच्या आश्रयानें जगतात. आम्हीं एका उतारावर मेलेल्या फांद्यांचा खच पाहिला; त्यावर मधूनमधून बोटाएवढे नवे कोंब आले होते. वाटाड्यानें तेथें थांबून फिन्स जपून हलविण्याची खूण केली. बोटाएवढा कोंब होण्यास कांहीं वर्षें लागतात व मोडण्यास एक लाथ पुरते.

हें सर्व वाचून आपल्यालाही असें कांहीं पाहावयास मिळेल काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येईल. त्यासाठीं परदेशींच गेलें पाहिजे असें नाहीं. शिवछत्रपतींनीं मालवणच्या समुद्रांत बांधविलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतालच्या पाण्यांतही प्रवाळ आहे, आणि १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य घोषित झालें आहे. त्याच्या जवळच तारकर्ली येथें ही विद्या शिकण्याची सोय आहे. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांस पाण्याचें भय घालण्यापेक्षां त्यांस जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं आधीं पोहावयास शिकवावें. विद्यार्थ्यांसही एकच सांगणें आहे. भूगोल, पदार्थविज्ञान व गणित हे विषय परीक्षेपुरते आहेत असें समजूं नका. वीस मीटर पाण्याखालीं आमचे प्राण बॉईलच्या नियमावर, हॉल्डेनच्या कोष्टकांवर आणि शेजारच्या मित्राच्या शब्दावर अवलंबून होते. आणि या तिहींपैकीं एकानेंही आम्हांस दगा दिला नाहीं.